हिरवं बटण काढणाऱ्यास

३ फेब्रुवारी

ज्याने ते हिरवं बटण काढलं त्या गृहस्थास,

तुमच्या कंपनीचा पत्ता मला तुमच्याच पानाच्या तळाशी मिळाला. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत होता, चष्म्यावर बाबांचं भिंग धरून वाचला. हे पत्र दुसऱ्या कुणी फोडलं असेल तर त्याने कृपा करून ते बटण काढणाऱ्या माणसाच्या टेबलावर ठेवावं. तो लगेच ओळखू येईल. विचार करताना हाताशी येईल त्या कागदावर पेन्सिलीने ठिपके काढत बसतो.

ठिपक्या, सापडलास.

आठ वर्षांत तुझा फोन नाही, एक ओळ नाही, आणि काल दुपारी सव्वातीन वाजता तू तुझ्या सख्ख्या बहिणीला चक्क फसवलंस. इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

झालं असं. सार्वजनिक पोहण्याच्या तलावाची बाहेरची भिंत रंगवायचं काम मला मिळालं आहे. साठ फूट लांब, अक्षरं पुरुषभर उंच. तलावाच्या ऑफिसातल्या साहेबांनी नकाशा मेलवर पाठवला, तो काही केल्या उघडेना. फोन केला तर म्हणाले, अमुक नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, नाव टाकून शोधा आणि उतरवून घ्या. मी शोधलं. यादीत सगळ्यात वर एक पान होतं आणि चौथ्या जागी दुसरं. मी काही अगदीच भोळी नाही, दोन्ही उघडून शेजारी शेजारी ठेवली.

चौथं पान बघवत नव्हतं. करडा रंग, किरटं अक्षर, ओळी एकमेकींच्या अंगावर आलेल्या, आणि जिथे दाबायचं ती एक बारीक निळी ओळ. पहिल्या पानावर मात्र हिरवंगार बटण, आणि त्यावर ‘डाउनलोड करा’ अशी अक्षरं की बघत राहावं. ‘ड’चं पोट कसं गच्च भरलेलं, ‘लो’ची मात्रा कशी ऐटीत बसलेली. दुसरं कुणी असतं तर कदाचित थबकलं असतं. मी पडले पेंटर. ज्याने इतका जीव लावून अक्षर काढलं आहे तो माणूस लबाड असेल, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मी बटण दाबलं.

पाच मिनिटांत कॉम्प्युटरवर बाजार भरला. कोपऱ्यात एक पोपट येऊन मला माझी जन्मतारीख विचारायला लागला. कुठल्याशा बर्फाळ शहराचं हवामान दिसायला लागलं. मग भोंगा वाजला, की तुमच्या कॉम्प्युटरला चारशे बारा आजार आहेत, बरे करायचे असतील तर इथे दाबा. तुझे भाऊजी दवाखान्यात औषधं देऊन नुकतेच घरी आले होते. त्यांनी चप्पल काढता काढता सांगितलं की चारशे बारा आजार असलेला पेशंट त्यांच्या तरी पाहण्यात नाही. नकाशा मात्र उघडला नाही तो नाहीच.

आज सकाळी कॉम्प्युटर दुरुस्त करणारी बाई आली. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग पोपटाकडे. तिने समजावून सांगितलं की यादीतलं सगळ्यात वरचं पान पुष्कळदा पैसे भरून वर बसवलेलं असतं. शेजारी ‘जाहिरात’ असं लिहिलेलंही असतं, पण इतकं फिकं की नसल्यासारखं. दुसऱ्याचं फुकटचं सॉफ्टवेअर घ्यायचं, त्याभोवती आपला कचरा गुंडाळायचा आणि त्याच्याच नावावर खपवायचा, असा हा धंदा. आठवड्याला असे चार-पाच पोपट काढते म्हणाली.

तिचं काम चालू असताना मी तिला म्हटलं, बाई, ते पान पुन्हा एकदा दाखवा, मला फक्त बटण बघायचं आहे. तिला वाटलं हिचं डोकं फिरलं. मी भिंग लावलं. अक्षरांची सावली डाव्या बाजूला पडली होती, आणि अक्षर आणि सावली यांच्यामध्ये केसाएवढी फट सोडली होती. ठिपक्या, मी आजवर पाहिलेला प्रत्येक पेंटर सावली उजवीकडे टाकतो. डावीकडे टाकणारे तिघेच. डावखुरे बाबा आणि त्यांच्या हाताखाली शिकलेले आपण दोघं, कारण आपल्या दुकानाला एकच खिडकी आहे आणि तीही उजवीकडे. मी त्या बाईला मिठीच मारली. ती बिचारी पोपटाचं विसरून माझ्याकडे बघत राहिली.

तर तू धडधाकट आहेस, तुला नोकरी आहे, आणि तुझा हात पूर्वीपेक्षा तयार झाला आहे. तू कशावरून तरी रागावून गेलास ते आता जुनं झालं. बाबा एक्याऐंशीचे आहेत. रोज दुकानात खुर्ची टाकून बसतात आणि माझ्या चुका काढतात. भिंत एप्रिलअखेर हवी आहे आणि साठ फूट भिंत एकटीने होत नाही. ये.

तुझी ताई


१९ फेब्रुवारी

ठिपक्या,

उत्तर नाही. पत्र पोचलं नाही म्हणावं तर परत आलेलंही नाही. मी रोज दुकान उघडलं की आधी तुझं बटण बघते. दाबत नाही, कानाला खडा लावला आहे.

पहिल्या पत्रात मी नुसती हरखून गेले होते. आज जरा भांडायचं आहे.

वरच्या मजल्यावर एक कपडे शिवणारी बाई राहायला आली आहे. कागदावर बेतलेले नमुने छापायला तिला ते सॉफ्टवेअर हवं होतं. तिनेही तुझंच बटण दाबलं. बावीस गिऱ्हाइकांची मापं तिने कॉम्प्युटरवर ठेवली होती, ती सगळी गेली. आता एकेकीला फोन करून पुन्हा माप द्यायला बोलावते आहे आणि प्रत्येकीची बोलणी खाते आहे. परवा जिन्यात मला सांगताना तिला रडू आलं. म्हणाली, इतकं छान बटण होतं हो, मला वाटलं चांगल्या लोकांचं असेल. मी मान खाली घालून ऐकलं. ते अक्षर आमच्या घरातलं आहे हे तिला सांगायचा मला धीर झाला नाही.

तुला तो दात काढणारा आठवतो का? ‘डॉक्टर’ असं मोठं लिहून द्या म्हणाला होता. बाबांनी विचारलं, शिकलात कुठे? तो हसला आणि म्हणाला, लोक बोर्ड वाचतात, सर्टिफिकेट कोण वाचतं. बाबांनी ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला, धुतला, पुसला आणि खुंटीला अडकवला. तू तेव्हा तेरा वर्षांचा होतास. दारात उभा राहून बघत होतास.

राग आला असेल तर येऊ दे. तुझा राग मला नवा नाही. तो बेकरीच्या बोर्डावरून आहे हेही मला कळतं, उगाच नाही कळत असं कशाला म्हणू. तुझा पहिला स्वतंत्र बोर्ड. सकाळी येऊन बघतोस तर पत्रा कोरा, आणि मी दोन गिऱ्हाइकांच्या देखत सांगते आहे की बाबांना पसंत पडला नाही म्हणून खरवडला. तू ऐकलंस, पिशवी उचललीस आणि गेलास. गिऱ्हाइकांच्या देखत बोलायला नको होतं, ते माझं चुकलं. पण निरोप बाबांचा होता. मी नुसता सांगितला.

भिंतीला पांढऱ्या रंगाचा पहिला हात देऊन झाला आहे.

ताई


८ मार्च

ठिपक्या,

आज मी सकाळी नऊ वाजता दुकानात एकटीच नाचले. पन्नाशी उलटलेली बाई काचेच्या दारामागे नाचताना समोरच्या चावीवाल्याने पाहिली. पाहू दे.

रोजच्यासारखं पान उघडलं, तर बटण तेवढंच, हिरवं तेवढंच, पण अक्षरं वेगळी. ‘हे दाबू नका. ज्यांनी हे सॉफ्टवेअर बनवलं त्यांचं पान यादीत चौथं आहे. तिथलं अक्षर वाईट आहे, पण माणसं चांगली आहेत.’ सावली डावीकडे. मी तीनदा वाचलं. मग बाबांना खुर्चीसकट ओढून कॉम्प्युटरसमोर आणलं. त्यांनी भिंग धरून सावकाश पाहिलं आणि म्हणाले, ‘नका’मधल्या ‘का’चा काना जरा जास्त खाली आलाय. मग चष्मा काढून डोळे पुसत बसले. पावणेबारापर्यंत ते बटण तसंच होतं. मग पानच नाहीसं झालं. तुमच्याकडे कुणाच्या तरी लक्षात आलं असणार.

म्हणजे माझी पत्रं तुला मिळतात. म्हणजे आता मला खोटं बोलून भागणार नाही.

बाबांनी तुझा बोर्ड खरवडला नाही. मी खरवडला. पहाटे उठून गेले, कुलूप काढलं, पातं घेतलं आणि डावीकडून उजवीकडे सगळा काढला. रंग अजून ओला होता, सोपं गेलं. बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. निरोप मी रचला. माझं नाव सांगितलं असतं तर तू भांडला असतास, कदाचित दोन दिवसांनी विसरलाही असतास. बाबांचं नाव घेतलं की तू काही बोलणार नाहीस, हे मला पक्कं माहीत होतं. त्या कॉम्प्युटरवाल्या बाईने तुमचा धंदा समजावला तेव्हा मी मान डोलवत होते आणि आत कुठेतरी चरचरत होतं. वर चांगल्या माणसाचं नाव आणि आत माझा कचरा. मी तुला उपदेश करते आहे, आणि हेच काम तुझ्या कंपनीच्या आधी, आठ वर्षांपूर्वीच, मी केलेलं आहे.

का केलं ते विचारू नकोस. डोकं ठिकाणावर नव्हतं.

दुपारी बाबांना सांगितलं. त्यांना इतकी वर्षं वाटत होतं की तूच तो खरवडलास, स्वतःचं काम मनासारखं झालं नाही म्हणून. तुझ्या या कडकपणाचं त्यांना मनातून कौतुकही वाटायचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि काठी टेकत घरी निघून गेले. रात्री जेवायला बसलो. तुझ्या भाऊजींनी मीठ मागितलं तेवढाच आवाज.

हे पत्र मी पाकिटात घालून तसंच ठेवलं होतं. तीन दिवसांनी, म्हणजे आज अकरा तारखेला, बाबा दुकानात आले आणि म्हणाले, पत्र गेलं का? मी म्हटलं, नाही. तर म्हणाले, ‘मग खाली लिही. मला तो बोर्ड आवडला होता. मी त्याला सकाळी सांगणार होतो.’

ते हे. लिहिलं. आता पेटीत टाकायला निघाले आहे.

ताई


२७ मार्च

ठिपक्या,

तुझं पाकीट आलं. भलंमोठं होतं, मला वाटलं आठ वर्षांचं सगळं लिहिलं असशील. आत वरच्या मजल्यावरच्या बाईसाठी तीन पानं आणि माझ्यासाठी चार ओळी.

तरी सांगते, त्या तीन पानांनी तू तिच्या घरात देव झालास. कॉम्प्युटर दुरुस्त करणारी बाई आणि ती, दोघी तुझं पान समोर धरून बसल्या. कचरा कुठे कुठे लपून बसतो, तो कुठल्या क्रमाने काढायचा, जुन्या फाइली कुठल्या कपाटात सरकवलेल्या असतात, सगळं तू चित्रं काढून दाखवलं होतंस. बावीसच्या बावीस मापं मिळाली. दुरुस्तीवाल्या बाईने ती पानं स्वतःसाठी उतरवून घेतली आणि म्हणाली, ज्याने घाण केली तोच इतकी नीट साफ करतो असं आधी पाहिलं नव्हतं. त्यात ठिपके इतके आहेत की तिला आधी वाटलं तेही सूचनांचाच भाग आहेत.

तिच्या पानांच्या शेवटी तू तिची माफी मागितली आहेस, त्यातूनच मला तुझी हकीकत कळली. दोन बटणं लोकांपुढे ठेवायची, जास्त कोणतं दाबलं जातं ते बघायचं, आणि दर वेळी हाताने काढलेलं तुझंच जिंकायचं. तुला त्याचा अभिमान वाटायचा. आत काय गुंडाळलं आहे ते माहीत होतं, पण मी बटणापुरतंच बघत होतो, असं तू लिहिलं आहेस. बटण बदललंस त्या दिवशी बाराच्या आत तुला टेबल रिकामं करायला सांगितलं, आणि माझं शेवटचं पत्र शेजारच्या टेबलावरच्या मुलाने मागाहून तुला घरी आणून दिलं. मला वाईट वाटायला हवं होतं. मी तुझ्या भाऊजींना म्हटलं, त्याची नोकरी गेली, आणि ते माझं तोंड बघून म्हणाले, अभिनंदन कुणाचं करायचं?

माझ्या चार ओळी मला पाठ झाल्या आहेत. ‘येतो. दहा तारखेला पोचेन. तुझ्यावर अजून रागावलेलो आहे. भिंतीचा उजवा अर्धा भाग माझा.’

घे. घे बाबा उजवा. डावा मागितला असतास तर तोही दिला असता. परांची बांधून झाली आहे. तुझी खोली झाडली, तिथे आता रंगाचे डबे असतात, ते हलवले. बाबांनी तुझा जुना सपाट ब्रश शोधून काढला आणि त्याचे केस वाळलेल्या रंगातून सोडवायला दोन दिवस बसले. हात कापतो, तरी मला हात लावू दिला नाही.

रागावलेला ये. मी स्टेशनवर येणार नाही, रडायला लागले तर तुला आवडणार नाही. भाऊजी येतील.

ताई


२२ एप्रिल

ठिपक्या,

हे पत्र तुला बादलीतून मिळेल. पिवळ्या रंगाचा डबा आणि दोन नंबरचा ब्रश तू मागितलास, त्याच्यासोबत घडी करून ठेवते आहे. तू वर आहेस, मी तुझ्यापासून वीस फूट खाली, आणि मला पत्र लिहावं लागतं आहे. हस हवं तर.

तू येऊन बारा दिवस झाले. आपण रंगाबद्दल बोलतो, शिडीबद्दल बोलतो, बाबांच्या गोळ्यांबद्दल बोलतो. सकाळी चहा देताना मी रोज ठरवते की आज सांगायचं, आणि मग तू विचारतोस टर्पेंटाइन संपलं का, आणि मी सांगते की संपलं. तू चिडलेला नाहीस. तू सभ्यपणे वागतोस, आणि ते मला चिडण्यापेक्षा जड जातं आहे. लहानपणी तू मला चिमटे काढायचास.

भिंतीवर दोनच शब्द आहेत. ‘पोहायला’ माझं, ‘शिका’ तुझं. आज सकाळी बाबा आले. छत्रीवाल्याकडून मोठी छत्री मागून आणली होती, तिच्या सावलीत बसले. भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग मला म्हणाले, खुर्ची जरा तिकडे घे. आणि तुझ्या ‘शि’समोर जाऊन बसले ते अजून उठलेले नाहीत. पोहायला येणारी माणसं तिकीट काढून सरळ आत जायची सोडून त्यांच्या मागे उभी राहून तुझा हात बघताहेत. एक आजीबाई ओल्या केसांनी अर्धा तास उभ्या आहेत.

खुर्ची हलवली तेव्हा मला वाईट वाटेल, म्हणून मी वाट पाहिली. जुनी ओळखीची कळ आहे, कुठे उठते ते मला माहीत आहे. आली नाही. तुझ्या वेलांटीचा डोक्यावरून वळून खाली येणारा फाटा बघत मीसुद्धा त्या आजीबाईंच्या शेजारी उभी राहिले, आणि मला इतकं छान वाटलं की हातातला ब्रश वाळून गेला.

तर आता का ते लिहिते. बेकरीचा बोर्ड तू संध्याकाळी पुरा केलास आणि घरी गेलास. बाबा त्याच्यासमोर असेच बसले होते. दिवा लावायची वेळ झाली तरी उठले नाहीत. मी तेव्हा बावीस वर्षं दुकानात काम करत होते, ठिपक्या. माझ्या एकाही बोर्डासमोर ते असे बसले नव्हते. मी रात्रभर डोळे मिटून पडून राहिले आणि पहाटे जाऊन तो खरवडला. डोकं अगदी ठिकाणावर होतं. तो माझ्या कुठल्याही बोर्डापेक्षा चांगला होता म्हणून खरवडला. तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. तेव्हाही होतं.

झालं लिहून. बादली वर ओढ. वाचलंस की दोर हलव.

ताई

दोर हलला नाही. बादली सरळ खाली आली, आत हाच कागद आणि त्याच्या मागे तुझी पेन्सिल. ‘वाचलं. माझ्या वेळी दोन गिऱ्हाइकं ऐकत होती. आत्ता खाली तीस माणसं आहेत, आणि बाबा. मोठ्याने म्हण.’

वर बघितलं तर तू परांचीच्या कडेला पाय सोडून बसला आहेस आणि इतका हसतो आहेस की फळी हलते आहे. नीट धर. कागद ठेवते. मला दोन्ही हात तोंडाशी न्यायचे आहेत.